धर्मादाय कोणाचा आणि नांव कोणाचें?

वऱ्हाडच्या कापूस बाजारांत एक मोठा दाता होऊन गेला. त्याच्या पैशानें गोरक्षणें चाललीं, पाठशाळा चालल्या, धर्मशाळांवर कळस चढले. परंतु वाचकहो, अकोल्यापासून खामगांवपर्यंत आणि कारंजापासून अमरावतीपर्यंत जेवढ्या संगमरवरी पाट्या दिसतील तेवढ्या वाचून पाहा. त्या दात्याचें नांव सांपडावयाचें नाहीं. तो दाता म्हणजे कापसाची बंडी घेऊन बाजारांत उभा राहिलेला कास्तकार. पाटीवर त्याचें नांव कां नाहीं, म्हणाल, तर आपण दान करीत आहों ही गोष्ट त्या बिचाऱ्याला कोणीं विचारलीच नव्हती!

प्रकार असा असे. वेचणी आटोपून कास्तकार पहांटे बंडी जुंपी आणि बाजाराला लागे. दलाल व खरीददार रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरवीत. ज्याचा माल त्यालाच तो भाव सर्वांच्या मागून कळे. मग कापूस कांट्यावर चढे आणि पट्टी लिहिली जाई. अडत वजा, हमाली वजा, तोलाई वजा, कडता वजा, आणि त्यांच्याच रांगेंत आणखी एक ओळ : धर्मादाय वजा. कारंजाचा बाजार १८८६ सालीं सरकारी नियमाखालीं आला. पुढें १८९७ सालीं वऱ्हाडाकरितां कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. कायद्यानें वजनमापाला शिस्त आणूं पाहिली, बाजार समित्या आल्या. पण समित्यांवर वजन राहिलें तें व्यापाऱ्यांचेंच. १९२८ सालीं बाहेर पडलेल्या शाही शेती कमिशनच्या अहवालांतहि बाजारांतल्या या धर्मादायाच्या कपातीची दखल घेतलेली आहे. पैसा कास्तकाराचा, खातें शेटजीचें, पुण्य शेटजीचें आणि पाटीवर नांवहि शेटजीचेंच! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणें तें याहून निराळें काय असतें?

आम्ही गोरक्षणाच्या विरुद्ध नाहीं. धर्मशाळेच्या तर नाहींच नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, न विचारतां कापून घेतलें तें दान नव्हे. त्याला पट्टी म्हणा, खंडणी म्हणा, वाटेल तें म्हणा; दान तेवढें म्हणूं नका. दानाला तीन गोष्टी लागतात. देणाऱ्यानें तें जाणून दिलें पाहिजे. घेणाऱ्यानें त्याचा उघड हिशेब दिला पाहिजे. आणि ज्याच्या नांवानें मागितलें त्याच्याच कामीं तें लागलें पाहिजे. या तिहींतली एक जरी सुटली तरी दानाचें सोंग उरतें आणि दान निघून जातें.

कोणी म्हणतील, हें जुनें मढें आज कां उकरतां? महाराष्ट्रांत १९६३ सालीं शेतमाल बाजाराचा कायदा झाला. आतां व्यापाऱ्यानें पट्टींत मनास येईल ती कपात घालावी अशी मोकळीक राहिलेली नाहीं. खरें आहे. पण ती खोड बाजारांतून उठली आणि आमच्या गांवांत येऊन बसली. आतां शेटजीला दोष देण्याची सोयहि नाहीं, कारण पावतीपुस्तक आमच्याच पोरांच्या हातांत आहे! चार जण दारांत उभे राहतात. आंकडा पावतीवर आधींच लिहिलेला असतो. घरांत बियाण्याला पैसा आहे कीं नाहीं, सून बाळंत आहे कीं म्हातारा दवाखान्यांत आहे, ही चौकशी कोणी करीत नाहीं. कोणी नाहीं म्हटलें तर दुसरे दिवशीं पारावर त्याचें नांव निघतें. वर्गणीपायीं माणसाला वाळीत टाकणें हा २०१६ च्या सामाजिक बहिष्काराच्या कायद्यानें गुन्हा आहे. पण पारावरच्या हंसण्याला कोणता कायदा लावणार? बिचारा पाटावरचे पैसे काढून देतो आणि वर 'हौसेनें दिले' म्हणून पावतीवर लिहून घेतो.

आणि जातात कोठें हे पैसे? भंडाऱ्याला जातात, मंडपाला जातात, छातींत धडधड उठविणाऱ्या डीजेला जातात, आणि साहेबांच्या वाढदिवसाच्या फलकाला जातात. त्या फलकावर साहेबांच्या खालीं पंचवीस तरुणांचे फोटो असतात. त्या पंचविसांपैकीं किती जणांच्या बहिणींना बारावीनंतर घरीं बसावें लागलें, हें त्या फलकावर लिहिलेलें नसतें.

आतां लोकांकडे बोट दाखवितांना स्वतःकडेहि दाखविलें पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं आम्हीं आमच्याच गांवीं वाचनालयासाठीं वर्गणी जमविली. गांवानें भरभरून दिलें. खोली बांधली, रंग दिला, देणगीदारांची पाटी लाविली, पाहुणा बोलावून उद्घाटन केलें, पुरीभाजीच्या पंगती उठविल्या. शेवटीं पुस्तकांची वेळ आली तेव्हां पेटी रिकामी! त्या वर्षीं आठवडी बाजारांत भाजी विकणाऱ्या एका म्हातारीनें आम्हांस गांठलें. तिनें वर्गणीचे दहा रुपये दिले होते. ती म्हणाली, "बापू, माह्या दहा रुपयांचं कोणतं पुस्तक आलं? नातीला दाखवतो." आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. तिचे दहा रुपये पुरीभाजींत गेले होते; आणि तीं पुऱ्या-भाजी खायला तिला कोणीं बोलाविलेंहि नव्हतें. शेटजीनें कास्तकाराचें जें केलें तेंच आम्हीं त्या म्हातारीचें केलें. शेटजीनें निदान धर्मशाळा तरी उभी केली होती!

त्या दिवसापासून आम्हांस कळून चुकलें कीं, बहुजनसमाजांत पैसा नाहीं ही तक्रार खोटी आहे. पैसा आहे, त्याला वळण नाहीं. श्रावणांतल्या शेवटच्या सोमवारीं पूर्णेचें पाणी गांधीग्रामहून खांद्यावरून आणून अकोल्याच्या राजराजेश्वराला घालतात, तो सोहळा ज्यानें पाहिला असेल त्याला आम्ही काय म्हणतों तें समजेल. रात्रभर अनवाणी चालणारे ते हजारों खांदे कोणाचे आहेत? शेतकऱ्यांच्या, हमालांच्या, जिनांत राबणाऱ्यांच्या पोरांचेच ना? कावड उभी करण्यास मंडळें केवढी शिस्त दाखवितात! कोणी दोर देतो, कोणी फराळ, कोणी पैसा. आणि तें सर्व वेळेवर जमतें. ही शक्ति कोणत्याहि विद्यापीठांत शिकवीत नाहींत. ती आमच्यापाशीं आहे. मग त्याच खांद्यांना एका गरीब मुलीच्या खोलीभाड्याचें ओझें जड कां व्हावें?

कारण खरी अडचण तेथेंच आहे. वऱ्हाडांतल्या खेड्याचें पोर दहावीपर्यंत कसेंबसें गांवाजवळ शिकतें. पुढें अकोल्यास यावें लागतें. कॉलेजची फी माफ होते, शिष्यवृत्ति मागून केव्हां तरी मिळते. पण खोलीचें भाडें महिन्याच्या पहिल्या तारखेला द्यावें लागतें आणि पोटाला रोज दोन वेळां लागतें. सरकारी वसतिगृहांत जागा मोजक्या आणि दारांत उभीं राहिलेलीं मुलें फार. मुलगा असला तर तो एखाद्या दुकानांत रात्रीं काम करून दिवस काढतो. मुलगी असली तर तिचें शिक्षण सुटतें आणि लग्न ठरतें. ज्या घरचा कर्ता पुरुष कर्जापायीं विहिरींत गेला किंवा औषध पिऊन गेला, त्या घराची तर गोष्टच बोलूं नका. सरकारनें २००६ सालीं अशा घरांसाठीं एक लाख रुपयांची मदत ठरविली. पण मेलेला माणूस शेतकरी होता, कर्जदार होता आणि त्यापायींच मेला, हें कागदावर 'पात्र' ठरल्याशिवाय ती हातीं येत नाहीं. कागद फिरत राहतो आणि तोंवर पोर शाळेंतून निघून वेचणीला लागतें. या पोराला गांवानें हात द्यावयाचा कीं नाहीं, एवढाच प्रश्न आहे. बाकीचें सारें बोलणें फुकट.

हात कसा द्यावा हें शिकण्यास परदेशीं जावयास नको. १८७७ सालीं दक्षिणेंत भयंकर दुष्काळ पडला तेव्हां जोतीराव फुले व सत्यशोधक समाजाच्या मंडळींनीं धनकवडीस पोरक्या व उपाशी मुलांसाठीं अन्नछत्र चालविलें. सावित्रीबाई जुन्नर-ओतूर भागांत मदतीच्या कामावर होत्या. सत्यशोधक समाज स्थापून अवघीं चार वर्षें झालीं होतीं. त्याच्यापाशीं ना जहागीर ना देवस्थानाचें उत्पन्न. उघड विनंति केली, लोकांनीं दिलें, आणि दिलेलें अन्न मुलांच्या ताटांत पडलें. यांत गुप्त असें कांहीं नव्हतें.

कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह उभें केलें. तेथें सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत, एकत्र जेवत. ती पोरें पोसावयाचीं कशीं? भाऊरावांनीं घरोघरच्या बायांना सांगितलें कीं, दळण घालतांना एक मूठ धान्य आमच्या पोरांसाठीं बाजूला काढा. तोच मुष्टिफंड. मूठभर धान्यानें कोणाचें घर बसलें नाहीं, आणि मुठीमुठीनें संस्था उभी राहिली. ज्या दिवशीं मूठ पुरली नाहीं त्या दिवशीं लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने मोडले आणि शेवटीं मंगळसूत्रहि दिलें. लोकांकडे मागण्याचा अधिकार असा मिळत असतो. आधीं स्वतःच्या गळ्यांतलें काढावें, मग दुसऱ्याच्या दारीं जावें.

आणि आमच्या वऱ्हाडाचे गाडगे महाराज! अमरावती जिल्ह्यांतल्या शेंडगांवीं १८७६ सालीं परिटाच्या घरीं जन्मलेला हा पुरुष आमच्याच मूर्तिजापूर तालुक्यांत, दापुऱ्याला मामाच्या घरीं, गुरें राखून वाढला. १९०५ सालीं घर सोडलें तें हातांत खराटा आणि गाडगें घेऊन. पुढें पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणीं त्यांनीं लाखों रुपयांच्या धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईस रोग्यांच्या नातलगांना टेकायला जागा केली. पण त्यांची रीत पाहा. स्वतः पैशाला शिवले नाहींत. विश्वस्त नेमले, कागद केले, आणि आपल्या पोराबाळांना त्या इमारतींचा लाभ घेऊं दिला नाहीं. त्यांचें कुटुंब झोंपडींत राहिलें. १९४९ सालीं पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनीं डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. बांधावें, चालतें करावें आणि ज्याला गरज त्याला देऊन टाकावें! आज त्यांच्या नांवानें अमरावतीचें विद्यापीठ आहे, गांवोगांव पुतळे आहेत. त्यांच्या पुतळ्यासाठीं वर्गणी गोळा करणाऱ्यांनीं त्यांच्या हिशेबाची चालहि उचलली असती तर किती बरें झालें असतें!

डॉ. पंजाबराव देशमुखांनीं अमरावतीस श्रद्धानंद छात्रालयांत सर्व जातींच्या मुलांस एका छताखालीं आणलें आणि १९३१-३२ च्या सुमारास श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री असतां देवस्थानांच्या संपत्तीविषयीं विधेयक आणून, देवापुढचा पैसा लोकांच्या उपयोगीं पडावा हा प्रश्न त्यांनीं कौन्सिलांत उभा केला. १९५४ सालीं अकोल्यास निघालेलें शिवाजी कॉलेज त्याच झाडाची फांदी. आज अकोल्यांत वकील, डॉक्टर, प्राध्यापक म्हणून मिरविणाऱ्या आमच्या कितीतरी मंडळींच्या अंगांत अशा वसतिगृहांतलीच भाकर आहे. ती भाकर कोणाच्या तरी मुठींतून आली होती, एवढी आठवण त्यांनीं ठेवावी म्हणजे झालें.

उपदेश पुष्कळ झाला. आतां काम सांगतों. आमच्या मतें प्रत्येक गांवानें आपला एक 'विद्या-गल्ला' करावा आणि त्यांत पैसा पुढील वाटांनीं आणावा.

पहिली वाट मुठीची. तीनशें घरांचें गांव धरा. घरटी रोज एक मूठ, म्हणजे पन्नास ग्रॅम धान्य धरा. दिवसाला पंधरा किलो, महिन्याला साडेचार क्विंटल होतात. एका मुलाला महिन्यास पंधरा किलो धान्य धरलें तर तीस मुलांची भाकर एका गांवाच्या मुठींतून निघते! अर्धींच घरें तयार झालीं तरी पंधरा मुलें जेवतील. ज्वारी असो, गहूं असो, तांदूळ असो. घरांत जें शिजतें त्याचीच मूठ. ज्याला धान्य नको त्यानें रोज एक रुपया डब्यांत टाकावा. तीनशें घरांचा वर्षाचा एक लाख साडेनऊ हजार होतो. एक रुपयांत आतां चहाचा घोटहि मिळत नाहीं. मुलगी मात्र शिकते.

दुसरी वाट सीतादहीची. कापसाच्या वेचणीचा मुहूर्त आमच्या बाया शेतांत दहीभात ठेवून करतात. त्याच दिवशीं घरधन्यानें ठरवावें कीं यंदा क्विंटलमागें एक किलो कापूस गल्ल्याला. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता. म्हणजे दहा क्विंटल पिकविणाऱ्याचे ८११ रुपये झाले. हें त्यानें स्वतःच्या हातानें द्यावें. व्यापाऱ्यानें पट्टींतून परस्पर कापून द्यावें असा सोयीचा मार्ग कोणी सुचवील, तर त्याला साफ नाहीं म्हणून सांगा. त्याच वाटेनें आपण एकदां नागविले गेलों आहों. आणि ज्याचें पीक बोंडअळीनें खाल्लें किंवा पावसानें नेलें त्याच्या दारांत त्या वर्षीं गल्लेवाल्यांनीं मागायला जाऊं नये, विचारपूस करायला जावें. व्यापाऱ्याला द्यावयाचें असेल तर त्यानें आपल्या नफ्यांतून द्यावें. त्याचें आम्ही मनापासून स्वागत करूं आणि त्याचें नांव कास्तकाराच्या नांवाशेजारीं, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहूं.

तिसरी वाट लग्नाची. १८७३ च्या डिसेंबरांत सत्यशोधक समाजानें पुरोहितावांचून पहिलें लग्न लाविलें. दक्षिणेचा खर्च वांचविण्याचा मार्ग पूर्वजांनीं दाखविला. आम्हीं तो वांचलेला पैसा घेतला आणि त्याच्या दसपट मंडपवाल्याला व डीजेवाल्याला दिला! भटजीच्या चार आण्यांवर बोलणारे आम्ही, आमच्या लाखांच्या रोषणाईवर कोण बोलणार? म्हणून नियम असा असावा कीं, लग्नाच्या खर्चांतले शंभराला एक रुपया गल्ल्याला. दोन लाखांच्या लग्नाचे दोन हजार. कर्ज काढून लग्न करणाऱ्याकडून मात्र एक पैसाहि घेऊं नये. त्याला कर्जापासून परावृत्त करावें, तेंच त्याच्याकडून घेतलेलें दान. गाडगे महाराज जन्मभर कीर्तनांतून हेंच ओरडत होते.

चौथी वाट नोकरदारांची. गांवांतून शिकून जो शिक्षक, तलाठी, इंजिनियर झाला, पुण्या-मुंबईस किंवा परदेशीं गेला, त्यानें वर्षांतून एका दिवसाचा पगार गांवाला द्यावा. तीनशें चौसष्ट दिवस त्याचे, एक दिवस गांवाचा. ही भीक नव्हे. उसनें घेतलेलें परत करणें आहे.

पांचवी वाट मंडळांची. गणेश मंडळ, जयंती मंडळ, कावड मंडळ, सप्ताहाची मंडळी, सर्वांनीं जमेचा दहावा हिस्सा उत्सव सुरू होण्यापूर्वीं काढून ठेवावा. पूर्वीं म्हणतों याचें कारण उघड आहे. उत्सवानंतर शिल्लक राहत नाहीं, मंडपवाल्याची उधारी राहते.

आणि ज्याच्यापाशीं पैसाहि नाहीं, धान्यहि नाहीं, त्यानें दोन दिवस अंगमेहनत द्यावी. गवंड्यानें भिंत द्यावी, सुतारानें खाट द्यावी, शिक्षकानें शिकवणी द्यावी, परिटानें चादरी द्याव्या धुऊन. हा हिस्साहि वहींत रुपयांच्या रकान्याशेजारींच लिहावा. घामाला पैशाखालीं बसविणारी वही आम्हांस नको.

आतां हिशेब. येथें मुलाहिजा नको. गांवाच्या चावडीवर काळा फळा लावा आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं जमा व खर्च खडूनें लिहा. कोणा मुलीचें भाडें दिलें हें लिहूं नका. तिची लाज राखा. 'तीन मुलींचें भाडें' एवढेंच लिहा आणि नांवें समितीच्या वहींत ठेवा. समितींत निम्म्या बाया असाव्या, कारण मूठ त्यांची आहे. पैसा संस्थेच्या नांवानें बँकेंत असावा, दोघांच्या सहीनें निघावा. मोबाइलवरून पैसे घ्यावयाचे तर क्यूआरचा कागद संस्थेच्या खात्याचाच असावा. चिटणीसाच्या स्वतःच्या नंबरावर आलेला पैसा कितीहि प्रामाणिक असला तरी संशयाचाच होतो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखालीं संस्था नोंदवा आणि तपासलेला हिशेब दरसाल धर्मादाय कार्यालयांत द्या. नोंदणी झालेली नसतां एखाद्या कारणापुरता पैसा जमवावयाचा असेल तरी त्याच कायद्यानें परवानगी व हिशेब लागतो, हें पुष्कळांच्या गांवींहि नसतें. आणि पाटी? पाटी लावूं नका. लावावयाचीच असेल तर शिकून गेलेल्या मुलांचीं नांवें लावा.

यावर आक्षेप येतीलच. एक म्हणेल, हें सरकारचें काम आहे. आहेच! सरकारनें वसतिगृहें बांधावीं, शिष्यवृत्ति वेळेवर द्यावी, यासाठीं भांडलेंच पाहिजे आणि आम्ही भांडत राहूं. पण भांडण चालू असतां मुलगी उपाशी राहते, तिला 'फाइल चालू आहे' असें सांगून भागत नाहीं. शिवाय, ज्या गांवाचा स्वतःचा फळा स्वच्छ आहे त्यालाच कलेक्टर कचेरींत जाऊन मोठ्यानें हिशेब विचारतां येतो.

दुसरा म्हणेल, गल्ला असावा, पण आपल्या जातीपुरता असावा. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९०१ पासून जातवार वसतिगृहें काढविलीं, हें त्याला ठाऊक असतें. त्या काळीं एका पंक्तींत बसायला कोणी तयार नव्हतें. म्हणून ती पहिली पायरी होती. भाऊरावांनीं व पंजाबरावांनीं पुढची पायरी चढून दाखविली. आतां आपण पायरी उतरावयाची काय? मुठींतली ज्वारी कुणब्याची कीं माळ्याची, महाराची कीं मुसलमानाची, हें पीठ झाल्यावर ओळखून दाखवा, मग जातीचा गल्ला काढा!

तिसरा म्हणेल, लोक देणार नाहींत. अरे, लोक आजवर देतच आले आहेत! शेटजीच्या पट्टींत दिलें, मांडवांत दिलें, फलकाला दिलें. आम्ही लोकांना जास्त द्या म्हणत नाहीं. विचारून द्या, विचारून घ्या आणि विचारलें तर सांगा, एवढेंच म्हणतों.

सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ रोजीं स्थापन झाला. येत्या २४ सप्टेंबरला ज्याला ज्याला हें पटलें असेल त्यानें आपल्या चावडीवर फळा लावावा, आणि सीतादहीच्या दिवशीं पहिली मूठ टाकावी. पहिल्या महिन्याची जमा कितीहि थोडी असो, ती लिहावी. शून्य असेल तर शून्य लिहावें; तेंहि खरें लिहिणें आहे. त्या भाजीवाल्या म्हातारीपुढें खालीं घातलेली आमची मान अजून वर झालेली नाहीं. आमच्या गांवचा फळा आम्ही त्याच दिवशीं लावणार आहों आणि पहिली ओळ तिच्या दहा रुपयांची लिहिणार आहों : मागील बाकी, रुपये १०, पुस्तक घेणें.